खुळखुळेवाल्याला नारळ

आमच्या मंडळाच्या वाद्यवृंदात तबलजीच्या पाठीमागे, पडद्याला जवळजवळ टेकलेलं एक लाकडी स्टूल असतं. गेली एकोणतीस वर्षं त्या स्टुलावर दौलतराव सोनकांबळे बसतात. फोटोत ते येत नाहीत. आलाच तर त्यांचा कोपर येतो. रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतल्या समूहफोटोत गायिकेच्या गजऱ्याशेजारी एक मूठ दिसते आणि त्या मुठीत टाल्कम पावडरचा डबा. ती मूठ दौलतरावांची. शोभाताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, पाहुण्यांना स्मरणिका दाखवताना त्या मुठीवर बोट ठेवून "हे आमचे हे" म्हणतात, आणि पाहुणे चष्मा वर-खाली करून "हो हो, छान आलेत" म्हणतात.

दौलतराव जे वाजवतात त्याला धंद्याच्या भाषेत साइड रिदम म्हणतात. तबला-ढोलक ही घरची थोरली मंडळी; त्यांच्या बाजूने जे खुळखुळतं, किणकिणतं, छुमछुमतं ते सगळं साइड रिदम. शेकर, खंजिरी, मंजिऱ्या, घुंगरांची काठी, चिपळ्या. मंडळाच्या सभासदांनी एवढा तपशील कधी मनावर घेतला नाही. त्यांच्या लेखी ते खुळखुळेवाले. एकदा अध्यक्षांनी भर कार्यक्रमात ओळख करून दिली, "आणि खुळखुळ्यावर आहेत आपले दौलतराव!" सभागृह हसलं, दौलतरावही हसले. शोभाताई हसल्या नाहीत. पुढची दोन वर्षं त्या अध्यक्षीणबाईंशी फक्त हवापाण्यावर बोलल्या.

हात आला वडलांकडून. नांदेडकडे बिलोलीच्या बाजूला वडलांची भीमगीतांची पार्टी होती. जयंतीच्या महिन्यात गावोगाव कार्यक्रम, आणि पार्टीत खंजिरीवर दौलत. पुढे नोकरी लागली सिकंदराबादला, रेल्वे डाकेच्या कचेरीत. काम टपालावर शिक्के मारायचं आणि छाटणी करायचं. शाईच्या गादीवर एक, पाकिटावर एक. गादीवर एक, पाकिटावर एक. मनगट खरं तिथे तयार झालं. सोबतचे लोक सांगत की दौलतच्या टेबलावरून गेलेलं टपाल केरव्यात जातं. बरीच वर्षं त्यांनी हे केलं, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि मलकपेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात पूर्णवेळ शेकर भरू लागले.

भरू लागले म्हणजे अक्षरशः. त्यांच्याकडच्या अकरा शेकरांपैकी नऊ घरी केलेले आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाची त्यांच्यापाशी चहाडी आहे. साबुदाण्याचा पहिले दोन महिने मधासारखा बोलतो, मग दाणे आपसांत घासून पीठ होतात आणि तो घसा बसल्यासारखा घोगरतो. तुरीच्या डाळीचा आवाज मोठा, तो वरातीला बरा. ज्वारीचा गोड, पण ज्वारी पडली जिवंत धान्य. एका गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात दुसऱ्या अंतऱ्याला ज्वारीचा डबा नुसता फुसफुसायला लागला. घरी येऊन झाकण उघडलं तर आत पोरकिडे. "दाणे त्यांनी खाल्ले आणि नाव माझं गेलं," असं दौलतराव सांगतात. भावगीताला मोहरी. मोहरीला पर्याय नाही, असं त्यांचं मत आहे, आणि या विषयावर हैदराबादेत दुसरं मत असलेला माणूस अजून सापडलेला नाही. पहिलंच कुणाला नव्हतं, तर दुसरं कुठलं!

वाजवण्याबद्दल विचारलंत तर ते म्हणतील, हलवायला कुणालाही येतं. थांबवायला यावं लागतं. डबा पुढे गेला की सगळे दाणे समोरच्या भिंतीवर एकदम आपटले पाहिजेत. एकामागून एक घरंगळले की मग तो ताल नाही, ते तांदूळ निवडणं. शिवाय शेकर जाताना एक बोलतो आणि येताना दुसरंच. जातानाचं सगळ्यांना ऐकू येतं. गाणं तोलून धरतं ते येतानाचं.

हे सगळं सुखाने चाललं असतं. पण गेल्या वर्षी वाद्यवृंदात स्वप्ना आली.

स्वप्ना तिशीची, माधापूरला सॉफ्टवेअर कंपनीत. जन्म इथलाच, शाळा इंग्रजी, घरात मराठी. मराठी वाचता येतं, म्हणजे दुकानाची पाटी उभं राहून वाचता येते, चालत्या बसमधून नाही. ती ऑक्टोपॅड वाजवते. पाटासारखं यंत्र, वर आठ चौकोन, प्रत्येकात वेगळा आवाज. काठीने एक चौकोन मारला की ढोलक, दुसरा मारला की झांज. सहाव्या चौकोनात शेकर होता. म्हणजे सहाव्या चौकोनावर काठी पडली की दौलतराव वाजत.

सभासदांनी हे पहिल्याच दिवशी हेरलं. वाद्यवृंदाचे चालक अनिरुद्धराव हार्मोनियम वाजवतात आणि कुणाला हो म्हणत नाहीत, नाही तर त्याहून म्हणत नाहीत. त्यांना कुणीतरी चहाच्या वेळी विचारलं, "आता दौलतरावांचं काय?" अनिरुद्धराव म्हणाले, "बघू, कसं जमतं ते."

हे वाक्य चहा संपायच्या आत दौलतरावांपर्यंत पोचलं. कुणी पोचवलं ते विचारू नका. पोचवणाऱ्याला बिस्किट मीच दिलं होतं.

म्हणजे मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाआधी प्रश्न एवढाच होता: यंदा त्या स्टुलावर दौलतराव बसणार की नाही. दौलतरावांनी या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या पद्धतीने द्यायचं ठरवलं. यंदा एक फार हळू गाणं होतं, गायिका सुलभाताईंचं. त्याला मोहरीसुद्धा जरा बोलकी वाटत होती. तेव्हा नवा, याहून मऊ शेकर शोधायला ते सुलतान बाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेले.

दुकानदार गफूरभाई त्यांना वीस वर्षं ओळखतात आणि तरीही दुकानात येऊ देतात. दौलतरावांनी शेकर एकेक करून कानाशी हलवले. लाकडी, पत्र्याचे, वेताचे. नारळाच्या करवंटीचे, अंड्याच्या आकाराचे प्लास्टिकचे.

"उस्ताद, एक घंटे से हिलारैं. लेना है तो लेव, नै तो मेरे कान कू रहम करो."

"कान के पास सब अच्छे लगते हैं, गफूरभाई. तुम ये लेके सामने जाओ."

"सामने किधर?"

"सड़क के उस पार. उधर से हिलाओ. मैं इधर से सुनता."

"मैं? पचपन बरस का आदमी, सुलतान बाजार में, झुनझुना हिलाता खड़ा रहूँ? मेरी समधन का घर है उस गली में!"

पण गेले. दोन रिक्षा आणि एक बस यांच्यामधून गफूरभाई समोरच्या साडीच्या दुकानापाशी उभे राहून वेताचा एक छोटा शेकर हलवत होते, आणि इकडे दौलतराव डोळे मिटून उभे होते. बस गेली, रिक्षावाल्याने हॉर्न मारला, तरी त्या सगळ्याच्या खालून तो बारीक आवाज आला. जाताना आला आणि येतानाही आला. दौलतरावांनी हात वर केला. गफूरभाई परत आले ते घाम पुसत. "समधन ने देख लिया," म्हणाले. विहिणीने पाहिल्याच्या दुःखात त्यांनी प्लास्टिकचं एक पांढरं अंडं वर फुकट दिलं.

घरी आल्यावर दौलतरावांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि पाय धुवायला गेले. शोभाताईंनी पिशवी रिकामी केली, आणि अंडं फ्रीजच्या दारातल्या खाचेत नेऊन ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. सुलभाताई होत्या. "दौलतराव, अभिनंदन! फार आनंद झाला. आता आराम करा."

"कशाबद्दल?"

"अहो, ग्रुपवर बघा ना!"

ग्रुपवर मंडळाचे सेक्रेटरी दिलीपराव यांनी कार्यक्रमपत्रिका टाकली होती. रविवार, सकाळी साडेदहा. संवादिनी व संचालन अनिरुद्धराव, गायिका सुलभाताई, तबला अमुक, कीबोर्ड तमुक. आणि खाली, वेगळ्या ओळीत, ठळक अक्षरांत: "सत्कार: ज्येष्ठ वादक श्री. दौलतराव सोनकांबळे. हस्ते: कु. स्वप्ना." ओळीच्या दोन्ही बाजूंना फुलं.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मराठी माणसाला कामावरून काढलं की त्याला नारळ दिला म्हणतात; आणि त्याचा मान केला तरी शालीबरोबर नारळच देतात. त्यामुळे हातात पडलेला नारळ कोणता, हे घेणाऱ्याला लगेच कळत नाही. दौलतरावांना लगेच कळलं. वादकांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. नारळ मिळणार होता, आणि तोही सहाव्या चौकोनाच्या मालकिणीकडून.

संध्याकाळपर्यंत तेवीस फोन आले. प्रत्येकाच्या बोलण्यात आराम हा शब्द होता. दौलतराव सगळ्यांना "आभारी आहे" म्हणाले. शोभाताईंना सुरुवातीला आनंदच झाला. नवऱ्याची मूठ सोडून बाकीचा नवराही एकदा स्टेजवर दिसणार होता. त्यांनी नांदेडच्या बहिणीला कळवून टाकलं.

"निळी शाल देतील का हो?"

"देतील ती घ्यायची."

"तोंड का असं? सत्कार आहे की काय दुसरं?"

"सत्कारच आहे," दौलतराव म्हणाले. "एकोणतीस वर्षांत कुणाला आठवला नाही. पाट वाजवणारी आली आणि आठवला."

शोभाताई आत गेल्या. मग बहिणीला पुन्हा फोन केला आणि "एवढ्यात येऊ नको, उन्हं फार आहेत" असं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दौलतरावांनी जुने शेकर पिशवीत भरून माळ्यावर टाकले. नवा वेताचा तेवढा हातात राहिला. त्याचं काय करावं ते सुचेना. वरच्या मजल्यावर एका तेलुगू कुटुंबात आठ महिन्यांचं बाळ आहे, ते दुपारभर रडत असतं. दौलतराव जिना चढले आणि तो शेकर बाळाच्या हातात देऊन खाली आले. बाळ गप्प झालं. बाळाची आजी खुशीने ओरडून सगळ्या मजल्याला सांगत होती, "गिलक्काय! गिलक्काय!" म्हणजे आपल्या भाषेत खुळखुळाच.

"बरं झालं," शोभाताई भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "अखेर खुळखुळा खुळखुळ्याच्या कामाला आला." बोलून झाल्यावर त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी न सांगता दोनदा चहा केला.

दर शनिवारी तालीम असे. दौलतराव पहिल्या शनिवारी गेले नाहीत, दुसऱ्याही गेले नाहीत. अनिरुद्धरावांचा फोन आला नाही. मंडळात बातमी अशी पसरली की सत्काराच्या आनंदाने त्यांचा रक्तदाब वाढलाय.

कार्यक्रमाला सहा दिवस राहिले असताना स्वप्ना स्कूटरवरून मलकपेठेत येऊन थडकली. दार शोभाताईंनी उघडलं.

"या. शालीचं माप घ्यायला आलात का?"

"अं? नाही काकू, काका आहेत?"

"आहेत. आराम करतायत. सगळ्यांनी तेच सांगितलंय."

दौलतराव बाहेर आले. स्वप्ना खुर्चीच्या कडेवर बसली. "काका, दोन प्रॅक्टिस मिस केल्या तुम्ही. ते स्लो साँग तर अजिबात बसत नाहीये. माझ्यावर चिडलात का?"

"चिडायचं काय त्यात. ज्याचा सत्कार आहे त्याने प्रॅक्टिस कशाची करायची? वाकून नमस्कार करायची?"

"कोणाचा सत्कार?"

"माझा. तुमच्या हस्ते."

"हस्ते म्हणजे?"

"तुमच्या हातून."

"माझ्या हातात काठ्या असतात तेव्हा! मी कशी करणार सत्कार?"

दौलतरावांनी पत्रिका तिच्यासमोर धरली. स्वप्नाने एकेक अक्षर जोडत ओळ वाचली. ग्रुपवर आली तेव्हा तिने त्यात फक्त स्वतःचं नाव ओळखलं होतं आणि खाली एक लाल बदाम टाकला होता. दौलतरावांनी तो बदाम पाहिला होता. त्या बदामाचा अर्थ त्यांनी फार वेगळा लावला होता.

"पण हे मी असं लिहिलंच नाही," ती म्हणाली, आणि स्वतःचा फोन काढला. दिलीपरावांना वादकांची नावं तिनेच पाठवली होती, इंग्रजी अक्षरांत. शेवटची ओळ होती: एस, ए, टी, एच, के, ए, आर. पुढे, दौलत काका, स्वप्ना.

"सत्कार," दौलतरावांनी वाचलं.

"साथकार!"

"साथकार काय असतं?"

"साथ देतात ते साथकार. कलाकार, चित्रकार, तसे. नाही का म्हणत?"

"साथीदार म्हणतात."

"साथीदार तर चोराचे असतात ना काका? पेपरमध्ये येतं, चोर आणि त्याचे दोन साथीदार."

आतून शोभाताईंचं हसू फुटलं. मग त्या बाहेर येऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. "म्हणजे यांना काढलेलं नाही?"

"काढणार कसं काकू? पॅडवरचा शेकर मी वाजवणंच सोडलंय. दर वेळी सेम टु सेम वाजतो, डोकं उठतं. काकांचा जाताना एक वाजतो, येताना वेगळा. मी दोनदा रेकॉर्ड करून बघितला, मला पकडता आला नाही."

दौलतराव उठले. त्यांनी खुर्ची भिंतीला लावली, तिच्यावर चढून माळ्यावरची पिशवी काढली आणि झटकली.

उरला वेताचा. तिघंही वर गेले. बाळ तो दोन्ही हातांनी धरून चोखत होतं, आणि एका टोकाला दोन नव्या दातांच्या खुणा होत्या. काढून घेतल्यावर त्याने असा सूर लावला की जिन्यावरून जाणारे थांबले. दौलतरावांनी खिसे चाचपले. शोभाताई खाली जाऊन फ्रीजमधलं अंडं घेऊन आल्या. "पंधरा दिवस म्हणतेय, हे उकडत का नाही," म्हणाल्या. बाळाने थंडगार अंडं गालाला लावलं, हलवलं, आणि सौदा मान्य केला.

दुसऱ्या दिवशी दौलतराव आणि स्वप्ना मंडळाच्या कचेरीत गेले. दिलीपराव सेक्रेटरीच्या खुर्चीत होते. बावीस वर्षं तेच असतात. समोर अनिरुद्धराव चहा पीत होते.

दिलीपरावांनी फोन हातभर लांब धरून ओळ वाचली. "एस ए टी एच. सत्. बरोबर आहे."

"सर, टीएच म्हणजे थ!"

"कुठल्या गावात? चाळीस वर्षं आहे मी हैदराबादेत. ललिता टीएचने लिहितात, कविता टीएचने, सुनीता टीएचने. ललिथा म्हणतेस तू कुणाला?"

हा मुद्दा बिनतोड होता. पुण्यात कुणी ही चूक केली नसती; इथे न करणं अवघड होतं.

"आणि पुढे दोन नावं," दिलीपराव म्हणाले. "दोघांचा तर सत्कार असणार नाही. एकाचा, दुसऱ्याच्या हस्ते. ज्येष्ठ वादक मी माझ्या मनाने घातलं. फुलंही मीच घातली."

दौलतरावांनी अनिरुद्धरावांकडे पाहिलं. "तुम्ही पत्रिका बघितली होती?"

"हो, म्हणजे, बघितली."

"यादीत माझं नाव नाही, हे बघितलं?"

"मला वाटलं," अनिरुद्धरावांनी कप बशीत नीट मध्यभागी ठेवला, "तुम्हीच तसं सांगितलं असेल. म्हटलं, आपण कशाला विचारा. तुम्हाला अवघड वाटायचं."

चूक दोन माणसांनी केली होती, टीएचवाल्याने आणि साथकारवालीने. पण ती बाकी सगळ्यांना अगदी पटली होती, आणि कुणी एक फोन करून बघितला नव्हता. दौलतरावांच्या हे लक्षात आलं. ते एवढंच म्हणाले, "अवघड नाही वाटलं. मी शनिवारी येतो."

"पण सत्कार?" दिलीपराव अस्वस्थ झाले. "शाल आणली आहे. पाहुणे सांगून झालेत. छापलेला सत्कार मंडळाने आजवर रद्द केलेला नाही. आता कुणाचा करायचा?"

"तुमचाच करा," दौलतराव म्हणाले. "बावीस वर्षं झाली."

दिलीपराव लाजले. नको नको म्हणाले. तिसऱ्या नकोला पत्रिकेत दुरुस्ती सुरू झाली होती.

शनिवारची तालीम झाली आणि रविवार उजाडला. सभागृह भरलं. स्टुलावर दौलतराव, पायाशी अकरा अधिक एक शेकर, शेजारी स्वप्नाचा पाट. आधी सत्कार झाला. दिलीपरावांना शाल घातली, नारळ दिला, आणि पाहुण्यांनी भाषणात सहज म्हटलं की आता तरुणांनी धुरा घ्यावी आणि दिलीपरावांनी आराम करावा. टाळ्या इतका वेळ वाजल्या की दिलीपरावांचा चेहरा हळूहळू बदलत गेलेला पहिल्या तीन रांगांना नीट बघता आला. त्यांनी नारळाकडे पाहिलं, मग दौलतरावांकडे. दौलतराव मंजिऱ्यांची दोरी सोडवत होते.

मग गाणी. पहिली चार ठीक गेली. पाचवं सुलभाताईंचं, ते हळू गाणं. मुखड्याला नुसता तबला होता, अंतऱ्याला शेकर यायचा. तालमीत तसं ठरलं होतं आणि तालमीत तो बरोबर आला होता.

अंतरा आला. शेकर आला नाही.

तबलजी एकटाच चालत राहिला. सुलभाताईंनी पहिली ओळ म्हटली. ती ओळ कशी जमिनीला न टेकता गेली. स्वप्नाच्या काठ्या सहाव्या चौकोनाच्या वर थांबल्या. तिने दौलतरावांकडे पाहिलं. ते वेताचा शेकर आडवा धरून बसले होते, आतला एक दाणा हलत नव्हता. तिने काठ्या मांडीवर ठेवून दिल्या.

अनिरुद्धरावांची बोटं पट्ट्यांवर होती, पण मान वळली. हार्मोनियमवाल्याची मान कार्यक्रमात मागे वळत नाही. एकोणतीस वर्षांत ती त्या स्टुलाकडे वळलेली कुणी पाहिली नव्हती. दौलतराव शांतपणे समोर बघत होते. दुसरी ओळ गेली. अनिरुद्धरावांनी पुन्हा मागे पाहिलं, आणि या वेळी भुवया उचलून, ओठांनी, आवाज न करता म्हटलं, "या ना."

शेकर आला. आधी जातानाचा, मग येतानाचा. सुलभाताईंनी तिसरी ओळ घेतली ती अशी, की मागच्या रांगेत चिवड्याची पुडी उघडणाऱ्याने पुडी तशीच धरून ठेवली. शोभाताईंनी शेजारणीला कोपराने ढोसलं. शेजारणीला कळलं नाही, काय झालं ते. तिने उगीच टाळी वाजवली.

कार्यक्रमानंतर पडद्यामागे बटाटेवडे होते. अनिरुद्धराव वडा हातात घेऊन दौलतरावांजवळ आले, जरा घुटमळले.

"छान झालं. पण त्या अंतऱ्याला तुम्ही जरा उशिरा आलात, दौलतराव."

"हो," दौलतराव म्हणाले. त्यांनी शेकर पिशवीत घातला आणि चटणी पुढे ओढली. "तुम्ही बोलावेपर्यंत थांबलो होतो."